दादाची करिझ्मा

दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर दादाचं अक्षर आहे : ‘१२ नोव्हेंबर २००४, दिवाळी. गाडी आणली.’ खाली पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख, ऑईल कधी बदललं, मागचे ब्रेक शू कधी घातले, अशी चार पानं. पाचव्या पानाच्या मध्यापासून अक्षर माझं होतं. मधे एकही ओळ सोडलेली नाही. दादा २००८ साली नोकरीसाठी जर्मनीला निघाला, तेव्हा किल्ली त्यानं आबांच्या हातात दिली आणि वही माझ्या. नंतर गाडी माझ्या नावावरही झाली. पण माझ्या मनात ती वही मिळाली त्याच दिवशी माझी झाली होती.

हिरो होंडानं करिझ्मा २००३ साली आणली, तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या आमच्या रस्त्यांवर शंभर सीसीच्या गाड्यांचं राज्य होतं. डेअरीला दूध घालायला तीच, कारखान्यावर जायला तीच आणि लग्नाला तिघं बसून जायलाही तीच. त्यात ही २२३ सीसीची, सतरा अश्वशक्तीची, पुढं डिस्क ब्रेक आणि अर्धं फेअरिंग असलेली गाडी आली. ‘स्पोर्ट टूरर’ म्हणजे लांबचा पल्ला वेगानं गाठायचा आणि उतरल्यावर पाठ मोडलेली नसावी, अशा बेतानं बांधलेली गाडी. परदेशात असल्या गाड्या बऱ्याचदा हजार सीसीच्या पुढच्या असतात, बाजूला सामानाच्या पेट्या लावलेल्या. आमच्या वाट्याला ही आली, आणि ती आम्हाला पुरून उरली. फेअरिंगची काच वारा छातीवरून वर ढकलते. बसताना किंचित पुढं झुकावं लागतं, पण मनगटांवर भार येत नाही. टाकी पंधरा लिटरची आहे. माझ्या हाताखाली ती लिटरला अडतीस देते, म्हणजे कोल्हापुरात भरलेल्या टाकीवर मुंबई गाठूनही पेट्रोल उरतं.

गाडीचं वजन दीडशे किलोच्या आसपास. ती तोलायला मी महिन्याभरात शिकले. ती ऐकायला शिकायला मात्र वर्षं गेली, आणि ते शिकवलं जयसिंगपूरच्या आमच्या मिस्त्रींनी. गाडी दारात आली की ते पान्याला हात लावायचे नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगायचे आणि लांब पेचकसाचं टोक हेडवर टेकवून मूठ कानाला लावायचे. मग पेचकस माझ्याकडं द्यायचे. “ताई, आईका. ह्यो टॅपेटचा. आता हितं लावा. ह्यो टायमिंग चेनचा.” पहिले कितीतरी महिने मला दोन्ही आवाज एकच वाटत होते. एके दिवशी ते वेगळे झाले आणि त्यानंतर कधीच एक झाले नाहीत. टॅपेटचा आवाज बारीक, नेमका, टिकटिक करणारा असतो. चेनचा आवाज ओढलेला, साखळी भांड्यावरून फिरवल्यासारखा. सैल टॅपेट वाजतो म्हणून लोक त्याला घाबरतात. पण जास्त घट्ट केलेला टॅपेट वाजत नाही आणि गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो, हे मिस्त्रींनी मला तीनदा तरी सांगितलं असेल.

त्या शिकवणीचा पहिला उपयोग आंबोलीच्या वाटेवर झाला. २०१३ च्या पावसाळ्यात आजऱ्याच्या अलीकडं गाडीनं एकाएकी ओढ सोडली. बंद पडली नाही. सुरू होत होती, जागेवर सुरळीत चालत होती, पण ॲक्सिलरेटर पिळला की नुसती घुसमटायची. पेट्रोल येत होतं, प्लग ठिणगी टाकत होता. रस्त्याकडेच्या टपरीखाली बसून मी कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडलं. या कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटरची वायर पिस्टनसारख्या सरकणाऱ्या भागाला थेट ओढत नाही. इंजिन हवा ओढतं, त्यानं वरच्या बाजूला पोकळी तयार होते आणि एक पातळ रबरी पडदा तो भाग वर उचलतो. मी पडदा आभाळाकडं धरला. कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. एवढ्या भोकातून हवा निसटत होती, म्हणून तो भाग वर जात नव्हता आणि गाडीला घाट चढायचं बळ येत नव्हतं. टपरीवाल्या मावशींकडं पंक्चरचं सोल्यूशन होतं. त्याचा पातळ हात दिला, तासभर वाळू दिलं आणि हळूहळू घरी आले. पेट्रोलची वाफ लागून तो जोड टिकणार नाही हे माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी नवा पडदा घातला. वहीत त्या दिवसाच्या तीन ओळी आहेत. टपरीवर प्यालेल्या चहाचा मात्र उल्लेख नाही, तो करायला हवा होता.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पंचगंगा आमच्याकडंच, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या भरून आल्या की शिरोळमधलं पाणी उतरायचं नाव घेत नाही. मी शहरात शाळेवर होते. महामार्ग बंद होता, गावाकडं जायची सोय नव्हती. आई-आबांना नावेतून बाहेर काढलं. जनावरं आधीच उंचावर नेली होती. गाडी शेडमध्येच राहिली. तिचा विचारसुद्धा कुणी करू नये असेच ते दिवस होते, आणि मीही केला नाही.

पाणी ओसरल्यावर शेडमध्ये गेले, तेव्हा आरशापर्यंत गाळाची रेघ होती. चेनच्या कडीकडीत चिखल, मीटरच्या काचेआड पाणी, सीटखाली मेलेला मासा. गावात सगळ्यांची हीच गत होती. लोकांच्या भिंती खचल्या होत्या, तिथं गाडीचं दुःख काय सांगायचं? शेजारचे काका म्हणाले, “पंधरा वर्सांची झाली की. भंगारात घाल.” मी मिस्त्रींना फोन केला. त्यांचं गॅरेजही पाण्यात गेलं होतं. तरी त्यांचं पहिलं वाक्य गाडीबद्दलच होतं : “ताई, सेल्फ मारू नका हां. एकदाबी न्हाई.”

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन वर येताना भिंतीवर आदळल्यासारखा अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्लग काढला. गाडी स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक हातानं सावकाश फिरवलं. प्लगच्या भोकातून तपकिरी पाण्याची चिळकांडी उडाली. ती संपेपर्यंत फिरवत राहिले. खालचा नट उघडल्यावर ऑईल आलं ते दुधाच्या चहासारखं. ते काढलं, स्वस्तातलं नवं भरलं, चाक फिरवून पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी ते ऑईलसारखं दिसलं. टाकी रिकामी केली. कार्बोरेटर सुटा करून प्रत्येक जेटमधून हवा मारली. वायरिंगचा एकेक सॉकेट उघडून वाळवला. चाकांचे बेअरिंग, कोनसेट आणि ब्रेक शू मात्र सरळ नवे घेतले. गाळ शिरलेलं बेअरिंग धुऊन पुन्हा वापरणं मला पटत नाही. सात रविवार गेले. आठव्या रविवारी मिस्त्री स्वतः आले. पेचकस त्यांनी आपल्या कानाला न लावता माझ्याकडं दिला. मी बटण दाबलं. पाचव्या प्रयत्नात गाडी बोलली, सायलेन्सरमधून वाफ आणि गढूळ पाणी टाकत. टॅपेट वाजत होता. चेनचा आवाज नव्हता.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे त्याच नोव्हेंबरमध्ये मुदत संपत होती. पर्यावरण कर भरला, गाडी तपासणीला नेली, पाच वर्षं वाढवून मिळाली. २०२४ ला आणखी पाच.

सुटे भाग हा रोजचा घोर आहे. हिरो आणि होंडा वेगळे झाले, मूळ करिझ्मा बंद झाली. २०२३ साली त्याच नावाची नवी गाडी आली, पण तिचं २१० सीसीचं पाण्यानं थंड होणारं इंजिन पूर्ण वेगळं आहे. २००९ च्या करिझ्मा झेडएमआरचं इंजिन मूळचं आमचंच असल्यानं तिचे काही भाग चालतात. जे मिळत नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेते. मागच्या फोर्कचा बुश तिथल्या एका आजोबांनी लेथवर कातून दिला. जुना तुकडा बोटांत फिरवून त्यांनी झीज किती ते सांगितलं, मग मोजलं, आणि दोन्ही जुळलं. नदीकाठी ऊस आणि शहरात लेथ असलेल्या जिल्ह्यात माझी गाडी आहे, हे मी तिचं भाग्य समजते.

आता उसाचाच एक नवा प्रश्न तिच्यापुढं आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. आमच्या शेतातला ऊस ज्या कारखान्यांना जातो, तशाच कारखान्यांत ते तयार होतं, आणि ऊसवाल्याच्या घरात त्याचं मोल मला कुणी सांगायला नको. पण २००४ चं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ओ-रिंग फुगतात, पेट्रोलची नळी कडक होऊन चिरते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला दोन्ही सांभाळायच्या आहेत. नळ्या आणि ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या. आठवड्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवते. एवढं केलं तर गाडी तक्रार करत नाही.

२०१९ नंतर दर जूनमध्ये मी गाडी शहरात आणून ठेवते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा ती कोरडी होती. पाणी उतरल्यावर मी पाने आणि ऑईलचे डबे घेऊन गावी गेले. आमच्या गल्लीत सात गाड्या बुडाल्या होत्या. पाच जणांनी माझी वाट पाहिली, दोघांनी घाईनं आधीच सेल्फ मारला होता. पाच गाड्या आजही चालतात. उरलेल्या दोन भंगारात गेल्या. तुमचं गाव नदीकाठी असेल, तर एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : बुडालेल्या गाडीच्या बटणाला हात लावू नका. आधी प्लग काढा, ऑईल काढा, आणि चाक हातानं फिरवा.