मुक्या वेदनेवर प्रकाश

मुक्या जिवाची वेदना ओळखणे कठीण असते. सांधेदुखीने गांजलेला कुत्रा क्वचितच विव्हळतो; तो पायरी चढायचे टाळतो, उठताना अडखळतो, एकच जागा चाटत बसतो. आमच्या धर्मगुरुनिवासाच्या म्हाताऱ्या राखणदाराचे तसेच झाले, तेव्हा पशुवैद्यांनी औषधांच्या जोडीला लेसर-उपचार सुचवला.

या उपचाराचा उगम हंगेरीतला. लेसरमुळे कर्करोग होतो काय, हे पाहण्यासाठी १९६७ साली बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठी भादरून त्यांवर सौम्य किरण सोडले. कर्करोग झाला नाही. उलट केस लवकर उगवले. तांबडा व अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जाकेंद्रे शोषून घेतात आणि त्यायोगे दाह व वेदना कमी होतात, असे आज मानले जाते. उपचारावेळी डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा, कुत्र्याच्याही. कर्करोगाच्या गाठीवर हे किरण टाळतात. झिजलेला सांधा त्यांनी पुन्हा नवा होत नाही.

खरी कसोटी आपल्या नजरेची असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्या लंगड्या कुत्र्यांना औषधाचा केवळ आभास दिला होता, त्यांच्यातही मालकांना आणि पशुवैद्यांना अनेकदा सुधारणा दिसली; पावलाचा भार मोजणाऱ्या यंत्राला ती दिसली नाही. प्रेमाला बरे वाटण्याची घाई असते, आणि मुका जीव आपली चूक दाखवून देऊ शकत नाही. म्हणून तो आपणहून किती पायऱ्या चढला, एवढेच मी रोज वहीत टिपून ठेवतो. मला काय वाटले, ते लिहीत नाही.