एक टेबल, दोन संगणक

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत असें म्हणतात. परंतु आमच्या घरीं एकाच टेबलावर दोन संगणक नांदतात. एक कचेरीचा लॅपटॉप, दुसरा घरचा संगणक. दोघांत मोठा पडदा एक, कळफलक एक नि माऊसही एकच. ही वांटणी सांभाळते ती केव्हीएम स्विच नांवाची चिमुकली पेटी.

पेटीची कळ दाबली कीं सत्तांतर होतें. पण तें निमूटपणें होत नाहीं. कळफलक नि माऊस यांची ओळख संगणकाला दर वेळीं नव्यानें पटवावी लागते. तेवढ्या अवधींत दाबलेलीं अक्षरें कोणाच्याच पदरीं पडत नाहींत. पडद्याची तऱ्हा याहून नाजूक. तो निदान १२८ बाइटांच्या एका टिपणांत आपलें नांवगांव नि लांबीरुंदी संगणकाला कळवीत असतो. स्वस्त पेटींत कळ फिरतांच हा संबंध तुटतो. लॅपटॉप समजतो, पडदा गेला! मग तो मांडून ठेवलेल्या साऱ्या खिडक्या आपल्या लहानशा पडद्यावर कोंबतो. महाग पेटी तें टिपण जवळ बाळगून ‘पडदा येथेंच आहे’ असें त्याला खुशाल सांगत राहते, आणि घडी मोडत नाहीं.

यंत्र फार लवकर विसरतें, ही त्याची खोड. माणसाचें उलट आहे. कळ फिरवून मुलांचा अभ्यास पडद्यावर घेतला, तरी आमच्या मनांतली कचेरी उठून जात नाहीं. यंत्राच्या खोडीवर चार पैसे अधिक मोजून इलाज होतो; आमच्यासाठीं अशी कळ कोणत्या दुकानांत मिळावी?