अडून बसणारे यंत्र

सोलापूर हे मागांचे शहर. येथील पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे लोक तिला जुनी गिरणी म्हणू लागले. यंत्रमागांचा खडखडाट येथल्या कित्येक मुलांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो थांबला तरच त्यांचे लक्ष तिकडे जाते.

यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकत जातो. मागाच्या कडेला एक लहानसा काटा बसवलेला असतो. बाणा जागेवर असला, की तो काट्याला रेटतो आणि माग चालू राहतो. बाणा तुटला, तर काट्याला रेटणारे काही उरत नाही. तो आकड्यात अडकतो आणि माग आपोआप उभा राहतो. विणकर येतो, तुटलेले पाहतो, माग पुन्हा सुरू करतो. हे थांबणे शहाणपणाचे खरे. कारण येणारा कोणीतरी असतो.

पण कोणी येणारच नसेल तर? इंग्लंडात १९८१ साली बी. बी. सी. मायक्रो नावाचा संगणक निघाला. १९८४ नंतर तो भारतातील निवडक शाळांतही आला. कंट्रोल ही कळ दाबून धरून बी हे अक्षर दाबले, की पडद्यावर उमटणारा मजकूर छपाईयंत्राकडेही जाऊ लागे. नवख्या बोटांकडून हे चुकूनही घडावे, इतके ते सोपे होते! संगणक सुमारे साठ अक्षरे स्मृतीच्या एका कप्प्यात ठेवी आणि छपाईयंत्राच्या होकाराची वाट पाही. छपाईयंत्र जोडलेलेच नसेल, तर होकार यावा कोठून? कप्पा भरे आणि संगणक मुकाट बसून राही.

अशा वेळी घाबरून विजेचे बटण बंद केले, तर तासभर बसून लिहिलेली आज्ञावली क्षणात नाहीशी होई. कारण तिथली स्मृती विजेच्या आधारानेच टिके. ब्रेक ही कळ दाबून मग ओल्ड ही आज्ञा दिली असती, तर ती आज्ञावली परत मिळाली असती.

मुळात संगणकाला अडूच न देण्याचा उपायही त्याच्याच पोटात होता. आरंभी तारांकन, एफ, एक्स आणि त्यापुढे ५,० एवढे लिहिले, की छपाईसाठी निघालेले प्रत्येक अक्षर तो टाकून देई. कोणाची वाट पाहणे नाही, अडणे नाही.

मात्र ही युक्ती छपाईयंत्र नसेपर्यंतच कामाची. मागाचा काटा कोणी बांधून ठेवला, तर बाणा तुटल्यावरही माग चालतच राहील आणि चादरीत फट पडेल. तसेच येथे: छपाईयंत्र जोडले आणि आज्ञा तीच राहिली, तर संगणक कुरकुर न करता चालेल आणि कागद कोरा राहील. म्हणून यंत्र जोडताच नवी आज्ञा द्यावी लागे: समांतर जोडणी असेल तर ५,१ आणि अनुक्रमी जोडणी असेल तर ५,२.