रविवारची गोळी

"वहिनी, एवढे कागद वाचून दाखवता का?" असं म्हणत ती दारात टेकली. तिचे यजमान आमच्या ह्यांच्याच कारखान्यात, एमआयडीसीत सळयांच्या भट्टीवर. गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग झालेला. मुंबईला टाटा हॉस्पिटलात दाखवून नुकतेच घरी आणले होते. तिने पिशवी उपडी केली आणि माझ्या हातातली कपबशी वाजू लागली. त्यात माझ्याच गोळ्यांची पट्टी होती! मेथोट्रेक्सेट.

मला संधिवात. सकाळी बोटं अशी आखडायची, की भाकरी थापणं राहिलंच, साडीच्या निऱ्यासुद्धा धरवत नसत. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दर रविवारी ही गोळी सांगितली आणि चारेक महिन्यांत हात मोकळे झाले. पण आता मनाने एकच घेतलं. मलाही कर्करोग आहे. हे आणि डॉक्टर मिळून लपवताहेत. बाईपासून तिचाच आजार लपवायची रीत आपल्याकडे काही नवी नाही! कुणाला विचारायचा धीर होईना. पाच रविवार गोळी पदराआड धरून टाकून दिली. मग एक दिवस उतू जाणारं दुधाचं पातेलं उचलायला गेले, तर ते हातातून सुटलं. सासूबाईंनी सुजलेली मनगटं पाहिली आणि सगळं बाहेर आलं.

डॉक्टर रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी गोष्ट सांगितली ती थेट मुंबईपासून. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तिथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त कमी होई, कितीजणी दगावत. बाईंनी त्यांना यीस्टचा अर्क दिला आणि त्या सुधारल्या. त्यातला गुण पुढे सापडला, तो म्हणजे फॉलिक ॲसिड. गरोदरपणी आपण घेतो तीच गोळी! नव्या पेशी घडायला ते लागतं. पण कर्करोगाच्या पेशींनाही ते हवंच असतं. म्हणून त्याची वाट अडवणारी औषधं निघाली. आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा त्या कामात मोठा वाटा. 1947-48 मध्ये बोस्टनला डॉ. फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना असं औषध दिलं. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. मोठ्या मात्रेत ते पेशींना उपाशी मारतं, आठवड्याच्या लहानशा मात्रेत सांध्यांची सूज शमवतं. संधिवातासाठी अमेरिकेत त्याला 1988 साली परवानगी मिळाली.

"मग त्या भाऊंना?" मी विचारलं.

टाटाच्या डॉक्टरांनी 422 रोग्यांवर एक प्रयोग केला होता. आजार हाताबाहेर गेलेल्यांना शिरेतून औषध देण्याऐवजी आठवड्याची ही लहान मात्रा आणि जोडीला सेलेकॉक्सिब, म्हणजे सांधेदुखीचीच गोळी. 2020 साली निकाल छापून आला: शिरेतल्या औषधावर साधारण 6.1 महिने, गोळ्यांवर 7.5. म्हणजे मला कर्करोगाची मात्रा नव्हतीच. उलट त्यांनाच जवळजवळ माझी मात्रा होती.

डॉक्टरांनी बजावलं ते सांगते. ही गोळी चुकून रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्त घटतं, जीवही जातो. अधूनमधून रक्त तपासायचं. घरी पाळणा हलायचा असेल तर ही गोळी मुळीच घ्यायची नाही. आता भिंतीवरच्या कालनिर्णयात रविवारी लाल खूण असते, बुधवारी फॉलिक ॲसिडची निळी. खुणा सासूबाई करतात, आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत!

परत आल्यावर तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "वहिनी, ह्या गोळ्यांनी हे बरे होतील ना?"

ह्यांच्यावर संशय घेणारी मी. पण साडेसात हा आकडा काही ओठांवर येईना. "दुखणं हलकं होईल," म्हटलं. आणि आठवड्यातून एकदाच, रोज नाही, एवढं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.