नव्वदाव्या मिनिटाचा खेळाडू

22 एप्रिल 2023 रोजी पोर्तुगालमधील ओलिवेरेन्से या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल संघाकडून एक बदली खेळाडू नव्वदाव्या मिनिटाला, म्हणजे सामना संपता संपता मैदानात उतरला. त्याचे वय 56 वर्षे होते. नाव काझुयोशी मिउरा. तो माझ्याच पिढीचा, म्हणून एकेरी उल्लेखाची सवलत घेतो.

शिझुओका येथे 1967 साली जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून ब्राझीलला गेला. जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक फुटबॉल लीग नव्हती; ती 1993 मध्ये सुरू झाली. ब्राझीलमध्ये 1986 साली त्याला सांतोस या पेलेच्या संघाशी करार मिळाला. पुढे 1994 मध्ये तो जेनोआकडून इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळणारा पहिला जपानी ठरला. मिलानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात बारेसीशी टक्कर होऊन त्याच्या नाकाचे हाड मोडले. त्या हंगामात त्याच्या नावावर एकच गोल लागला, पण तो सांपदोरिया या त्याच शहरातल्या प्रतिस्पर्ध्यावर होता. त्यानंतर 1999 मध्ये झाग्रेब आणि 2005 मध्ये सिडनी येथील संघांकडूनही तो खेळला.

खरा आघात मात्र 1998 सालचा. जपान प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला होता. देशासाठी पन्नासहून अधिक गोल केलेल्या मिउराला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळण्यात आले. तेथे त्याने बूट खुंटीला टांगले असते, तर कोणीही नावे ठेवली नसती. तो मात्र पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ खेळत राहिला. संघ लहान होत गेले, मैदानावरची मिनिटेही कमी होत गेली. योकोहामा एफसीत तर करार वाढला की त्याची घोषणा 11 जानेवारीला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी होई, कारण त्याचा क्रमांक 11! मार्च 2017 मध्ये, वयाच्या 50 वर्षे 14 दिवशी, त्याने याच संघासाठी गोलही केला.

डॉक्टर म्हणून मला गोलापेक्षा ती मिनिटे अधिक बोलकी वाटतात. शेवटच्या एखाद्या मिनिटासाठी मैदानात यायचे, तरी सराव रोजचाच करावा लागतो. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर अधिक वेगाने. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात. म्हणूनच वृद्ध माणूस सावकाश चालताना ठीक असतो, पण उंबऱ्याला पाय अडखळला की तोल सावरायला लागणारी चपळाई त्याच्यापाशी उरलेली नसते. ही घट थांबवता येत नाही. लांबवता मात्र येते, अगदी ऐंशीच्या घरातही. त्यासाठी स्नायूंना काम हवे आणि ताटात पुरेशी डाळ, दूध, अंडी यांसारखी प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मिउराचे अनुकरण करा, असे मी कोणालाही सांगणार नाही. साठीनंतर अचानक धावायला लागून छातीत दुखते म्हणून येणारे रुग्णही मी पाहतो. माझा आक्षेप दुसऱ्या टोकाला आहे. आपल्या घरांत प्रेमापोटी वडीलधाऱ्यांना सामन्यातून आधीच बाहेर काढले जाते. ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो,’ या वाक्यात काळजी असते हे खरे. पण त्याच वाक्याने दिवसभरातले उठणे, वाकणे, जिना उतरणे एकेक करून नाहीसे होते. वर्षभराने तेच बाबा खुर्चीच्या हातांचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नाहीत, आणि सगळे म्हणतात, वयच झाले!

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची मंडई अशीच बंद झाली होती. पिशवी जड, रस्त्यावर वाहने. मुलाची भीती अनाठायी नव्हती. आम्ही तिघांनी बसून वाटणी केली. बटाटे-कांदे मुलाने आणायचे. कोथिंबीर, आले, लिंबे ही मास्तरांची जबाबदारी. गर्दी नसताना, रबरी टोपीची काठी घेऊन, कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत. शिवाय सकाळ-संध्याकाळ, मागे भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणे-बसणे. पहिल्या आठवड्यात चारदाच जमले. आता दहा होतात, आणि कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ते मला दर भेटीत ऐकवतात.