इगतपुरीला जाऊन आलो

बारा दिवसांची रजा टाकून इगतपुरीला निघालो आहे, असे विहारात सांगितले तेव्हा आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "काय हो, आता डोळे मिटून बसणार? मग वस्तीच्या पाण्याचा अर्ज कोण लिहिणार?" बोल मनाला लागला. पण मी निघालो होतो घरच्या कारणाने. दिवसभर कचेरीत ऐकून घ्यायचे, संध्याकाळी सभा-बैठका, आणि रात्री घरी आल्यावर सगळा राग मुलांवर काढायचा. एके रात्री आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "वस्तीशी एवढं गोड बोलता, मग आमच्याशीच का नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडली आणि ती घाट चढू लागली. वर इगतपुरी. स्टेशनपासून धम्मगिरी चालत जाण्याइतके जवळ आहे. १९७६ साली सुरू झालेले हे विपश्यना केंद्र. दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही, राहणे-जेवणही मोफत. ज्यांनी शिबिर पुरे केले त्यांच्याच दानावर ते चालते. स्त्रियांची व्यवस्था वेगळी असते. नाव मात्र आधी नोंदवावे लागते.

आत गेल्यावर मोबाईल, वही, पेन सगळे जमा. पंचशील घ्यायचे आणि मौन पाळायचे. पहाटे चार वाजता घंटा होते आणि दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक होते. मी घरी रोज थोडी योगासने करतो, पण शिबिरात तीही बंद ठेवायला सांगतात. मोकळ्या वेळात चालायचे तेवढे. पहिले तीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा. ऐकायला सोपे वाटते! माझे मन दर मिनिटाला कचेरीच्या फायलींत. गुडघे तर असे दुखले की तिसऱ्या दिवशी मी पिशवी भरून ठेवली होती.

थांबलो ते संध्याकाळच्या प्रवचनांमुळे. सत्यनारायण गोएंका २०१३ साली गेले, पण त्यांची प्रवचने ध्वनिमुद्रित आहेत. त्यांचे गुरू ब्रह्मदेशातले सयाजी ऊ बा खिन. हे गृहस्थ भिक्खू नव्हते, संसारी होते. महालेखापालाच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच खात्याचे महालेखापाल झाले. आपल्या कचेरीतल्या लोकांना ते ध्यान शिकवत. पुढे एकाच वेळी अनेक खात्यांचा भार सांभाळला. मी बी. कॉम. झालेला कारकून, जमाखर्चाची वही आणि आनापान एकाच टेबलावर राहू शकतात, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्यातल्या काही बंधूंना वाटते की ध्यान म्हणजे चळवळीतून पळ. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. डोळे मिटून अन्यायाकडे पाठ फिरवणारेही मी पाहिले आहेत. पण नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्ग आहे, आणि सम्यक स्मृती त्याचेच एक अंग आहे. ते गाळून उरलेली सात कशी चालतील?

दहाव्या दिवशी मौन सुटले. परतताना कल्याणला उतरून लोकल धरली, तीच धक्काबुक्की. बसायला जागा नाही, पण दांडी धरून श्वास पाहता येतो. आता घरातले उठण्याआधी अर्धा तास बसतो. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असे तिथे सांगतात. ते मला अजून जमलेले नाही. पाण्याचा अर्ज मात्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहून दिला.

राग गेला का? पाचव्याच दिवशी अभ्यासावरून मुलावर आवाज चढला. आयुष्मती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आधी श्वास बघा, मग ओरडा." पोरे हसली. मलाही हसू आले.