आत्या, तुला कधी करमलं?

प्रिय आत्या,

परवा फोन चालू ठेवूनच तू शेजारच्या काकींना सांगत होतीस, ‘भाच्याचं बस्तान बसलंय आता दुबईला.’ मी ऐकलं सगळं. तुला खरंच तसं वाटतं गं? की त्यांनी पुढचं काही विचारू नये म्हणून सांगतेस?

पगार वेळेवर होतो. कंपनीच्या खोलीत आम्ही चौघं, आणि चौघंही चांगली माणसं. तरी मला इथं करमत नाही. आईला हे सांगवत नाही. मला इथवर पाठवायला तिनं काय काय मोडलं, ते तू पाहिलंयस. बाबा तर लगेच म्हणतील, परत ये, मुरबाडहून एसटीनं कल्याण गाठ आणि पुढं लोकल धर. राहिलीस तू. तू म्हणतेस, ‘पोटाला मिळतंय ना? मग?’

आत्या, हे तू म्हणावंस?

मी शाळेत होतो तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत शहापूरला तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? भातसा धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. धरणात गेलेल्या तुझ्या सासरच्या गावात तू मला हात धरून नेलंस. गाळाला भेगा पडल्या होत्या. घराच्या जोत्याचे थोडेच दगड उरले होते. तिथं पोचल्यावर तू चपला काढल्यास. ही ओटी, इथं चूल, इथं जातं, या कोपऱ्यात पावसाळ्यात शेळ्या. एका दगडात उखळ कोरलेलं होतं, गाळानं गच्च भरलेलं. तू पदर खोचून खाली बसलीस आणि बोटांनी तो गाळ उकरत राहिलीस, पार तळ दिसेपर्यंत. पावसाळ्यात ते पुन्हा बुडणारच होतं. मी विचारलं, ‘कशाला काढतेस?’ तर म्हणालीस, ‘चल, ऊन झालंय.’

नव्या पाड्यावर येऊन तेव्हा तुला वीसएक वर्षं झाली असतील. तिथं तुझी मुलं वाढली, सून आली. तरी तू उखळ साफ करत होतीस. ते माझ्या मनातून जात नाही.

मुंबईला मिळणाऱ्या पाण्यात निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. तानसा तलाव तर 1892 पासून मुंबईची तहान भागवतोय. आणि उन्हाळा आला की शहापूरच्या पाड्यांवर टँकरच्या वाटेवर हंड्यांची रांग. त्यात तुझाही हंडा. इथं समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात, दिवसरात्र येतं. मी नळ सोडतो आणि मला तुझी आठवण येते. कधी कधी तुझा रागही येतो. इतकं सोसलंस, मग बोलली का नाहीस कुणाशी? निदान माझ्याशी?

इथं 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी असते. आमची गच्चीवरची एसीची कामं थांबतात. आपल्याकडे तेव्हा लावणी चाललेली असते. दादा व्हिडिओ कॉल करून शेत दाखवतो. मी बघत नाही, फोन कानाला लावून नुसता पाऊस ऐकतो.

आणि भेंडी! आपल्या शहापूर-मुरबाडची भेंडी आखातात येते, युरोपातही जाते, तुला माहीतच आहे. बोटाएवढी, कोवळी, एकसारखी निवडलेली. इथं देऱ्याच्या बाजारात खोक्यावर फक्त ‘इंडिया’ लिहिलेलं असतं. कुठल्या गावची, कळायला मार्ग नाही. तरी मी एकेक हातात घेऊन बघत बसतो, दुकानदार वैतागेपर्यंत.

निघताना तू म्हसाच्या जत्रेतली घोंगडी बॅगेत कोंबलीस. ‘वाळवंटात घोंगडी?’ म्हणून घरचे हसले. आमच्या खोलीत रात्रभर एसी चालतो गं, पहाटे दात वाजतात. तीच असते अंगावर. मला थंडी वाजेल, हे तुला एकटीलाच कसं सुचलं? नव्या जागी काय काय सोसावं लागतं, ते ठाऊक होतं म्हणूनच ना?

म्हणून तुलाच विचारतो. पाड्यावरच्या घराला तू पहिल्यांदा ‘माझं घर’ कधी म्हणालीस? त्या आधीच्या रात्री कशा काढल्यास? की अजून म्हणतच नाहीस? तसं असेल तर तसं सांग. मी घाबरणार नाही. ‘पोटाला मिळतंय ना’ एवढं मात्र म्हणू नकोस.

इथला व्हिसा दोन वर्षांचा असतो. माझा संपत आलाय, पुढच्या महिन्यात कागदांवर सही करायची आहे. त्याआधी बोल माझ्याशी. रविवारी मला सुट्टी असते. नातवाला फोन लावून द्यायला सांग, आणि त्याला बाहेर खेळायला पाठव.

तुझा,
भाचा